संरक्षणाचा कायदा आणि वास्तव

भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने स्त्रिया व बालके यांच्यासाठी विशेष तरतुदी करण्याची मुभा राज्याला दिली आहे. त्यानुसार अनेक कायदे झाले, निवारागृहे उभी राहिली, मदतीचे दूरध्वनी क्रमांक सुरू झाले. तरीही ज्यांच्यासाठी ही व्यवस्था आहे, त्यांच्यापर्यंत ती वेळेवर पोहोचतेच असे नाही. असे का होते, हे चंडीगडमधील दोन घटनांवरून समजून घेता येईल.

चंडीगड हे आखून वसवलेले शहर आहे. पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांची ती राजधानी आहे. उच्च न्यायालय आणि देशातील एक नामवंत वैद्यकीय संस्था याच शहरात आहेत. म्हणजे न्यायालय किंवा रुग्णालय दूर आहे, ही सबब येथे सांगता येत नाही.

निवारागृहातील तरुणी

बौद्धिक अपंगत्व असलेली एक अनाथ तरुणी चंडीगडमधील सरकारी संस्थेत राहत होती. मे २००९ मध्ये वैद्यकीय तपासणीत ती गर्भवती असल्याचे आढळले. संस्थेच्या आश्रयाला असतानाच तिच्यावर अत्याचार झाला होता. जे घर संरक्षणासाठी होते, तेथेच ती असुरक्षित ठरली.

पुढे प्रश्न उभा राहिला गर्भपाताचा. चंडीगड प्रशासनाने उच्च न्यायालयाकडे परवानगी मागितली. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी तरुणीशी बोलून अहवाल दिला. तिला मूल हवे आहे, असे त्यातून दिसत होते. तरीही जुलै २००९ मध्ये उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि २८ ऑगस्ट २००९ रोजी सविस्तर निकाल दिला. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची संमती आवश्यक असते. मनोरुग्ण स्त्रीच्या बाबतीत पालकाची संमती चालते. परंतु मानसिक आजार आणि बौद्धिक अपंगत्व या वेगळ्या गोष्टी आहेत, हे न्यायालयाने स्पष्ट केले. मूल होऊ द्यावे की नाही, हे ठरवणे हा स्त्रीच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असेही न्यायालयाने म्हटले. कायद्यात ‘संमती’ हा शब्द आधीपासूनच होता. तिच्या शब्दाला मान मिळण्यासाठी मात्र प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

दहा वर्षांची मुलगी

दुसरी घटना २०१७ ची आहे. दहा वर्षांच्या एका मुलीचे पोट दुखू लागले, म्हणून तिला दवाखान्यात नेण्यात आले. ती गर्भवती असल्याचे तेथे कळले. पण तोपर्यंत ३० आठवडे उलटले होते. अत्याचार करणारे जवळचे नातेवाईक होते. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा ‘पॉक्सो’ कायदा २०१२ मध्येच झाला होता. असा गुन्हा ठाऊक असणाऱ्या प्रत्येकाने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे, असे हा कायदा सांगतो. मात्र घरातील कोणाच्याही लक्षात काही आले नाही, तर कळवणार कोण?

त्या वेळी गर्भपाताची सर्वसाधारण मर्यादा २० आठवड्यांची होती. वैद्यकीय मंडळाचा अहवाल पाहून सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०१७ रोजी परवानगी नाकारली. ऑगस्टमध्ये मुलीची प्रसूती झाली. न्यायालयाने तिला १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

अंतर कोठे पडते?

२०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. अत्याचारपीडित स्त्रिया व अल्पवयीन मुली यांच्यासाठी ही मर्यादा २४ आठवड्यांपर्यंत वाढली. दुरुस्ती महत्त्वाची आहे; पण ३० आठवड्यांनंतर उलगडा झाला, तर वाढलेली मर्यादाही उपयोगी पडत नाही.

दोन्ही घटनांत कायदा अस्तित्वात होता. न्यायालय आणि डॉक्टर याच शहरात होते. उणीव होती ती वेळीच लक्ष देणाऱ्या आणि ऐकून घेणाऱ्या माणसांची. निवारागृहातील कर्मचाऱ्यांवर देखरेख हवी होती. तरुणीला काय हवे, हे जाणून त्याचा आदर व्हायला हवा होता. मुलीला नकोशा स्पर्शाविषयी न भिता सांगता येईल, असे विश्वासाचे माणूस हवे होते. ही कामे केवळ कायद्याच्या कलमाने होत नाहीत. त्यांसाठी नियमित तपासणी, प्रशिक्षित कर्मचारी आणि जागरूक शेजार लागतो.

संकटातील बालकांसाठी १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१ हे मदतीचे क्रमांक आहेत. हे क्रमांक ज्याला माहीत आहेत आणि ते फिरवण्याचे धैर्य जो दाखवतो, तो सामान्य नागरिकही कायदा आणि पीडित व्यक्ती यांच्यातील अंतर कमी करतो.

स्वाध्याय

१. निवारागृहातील तरुणीच्या प्रकरणात ‘संमती’ या शब्दाला कोणते महत्त्व होते?
२. गर्भपाताची मर्यादा वाढवूनही दुसऱ्या घटनेतील मुलीसारख्या मुलींचा प्रश्न पूर्णपणे का सुटत नाही?
३. आपल्या परिसरातील मुलांना मोकळेपणाने बोलता यावे, यासाठी काय करता येईल? पाच ओळी लिहा.