एका सिस्टरमागे किती खाटा?

रुग्णालयात माणूस दाखल करताना आपण काय काय विचारतो? डॉक्टर कोण, त्यांच्या हाताला यश कसं आहे, खोली एसी आहे का, विमा चालतो का, घरचा डबा आणू देतात का. मी पस्तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे याच्याही पुढे जातो. बिलाच्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीनं खूण केल्याशिवाय पैसे भरत नाही. पण रात्रपाळीला या मजल्यावर एका सिस्टरकडे किती पेशंट असतात, हे मी साठी उलटेपर्यंत कधीच विचारलं नव्हतं. तो प्रश्न मला माझ्या नातीनं शिकवला आणि तिला एका अमेरिकन बाईनं.

नात म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची नात. ती बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘‘छोटे आजोबा, एवढं इंग्रजी तपासून द्या,’’ म्हणत तिनं एके दिवशी प्रकल्पाचे कागद माझ्यापुढे ठेवले. मी कादंबऱ्या लिहितो म्हणजे मला सगळं तपासता येतं, असा घरात एक गोड गैरसमज आहे. कागदांत पानोपानी एक नाव होतं : लिंडा एकेन. या बाईंनी सुरुवात नर्स म्हणून केली. पुढे समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नर्सिंगच्या प्राध्यापक झाल्या. नर्स किती असाव्यात, कशा शिकलेल्या असाव्यात आणि त्यानं रोग्याला काय फरक पडतो, याचा हिशेब त्या आयुष्यभर मांडत आल्या. हिशेब म्हटल्यावर माझे कान टवकारले.

त्यांचा गाजलेला अभ्यास २००२ सालचा. पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं, १०,१८४ नर्सेस आणि शस्त्रक्रिया झालेले २,३२,३४२ रुग्ण. नर्सेसना विचारलं, तुमच्या पाळीत तुमच्याकडे किती रुग्ण होते? दुसऱ्या बाजूनं रुग्णांच्या नोंदी काढल्या. रुग्णाचं वय, मूळचं दुखणं, रुग्णालयाचा आकार, तिथली यंत्रसामग्री हे सगळं हिशेबात धरलं, म्हणजे थोराची लहानाशी तुलना नको. मग दिसलं ते असं की, नर्सकडे सरासरीनं एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते.

सात टक्के म्हणजे शंभरातली सात माणसं जास्त गेली असं नव्हे, हे इथे सांगायला हवं. मुळात दगावणारे होते शंभरात दोनच. त्या दोनावर सात टक्के. पण पुढची गंमत (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण बँकवाल्याला दुसरा सुचत नाही) अशी की, हे व्याज चक्रवाढ आहे. चार रुग्णांऐवजी आठ रुग्ण दिले की वाढ अठ्ठावीस टक्के होत नाही, एकतीस होते. मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. बरोबर येतं.

हे असं का व्हावं? एकेनबाईंच्या अभ्यासात एक कल्पना वारंवार येते. मराठीत तिला ‘वाचवण्यातलं अपयश’ म्हणता येईल. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत कुठेही होते. या अभ्यासातल्या रुग्णांपैकी साधारण तेवीस टक्क्यांना काही ना काही मोठी गुंतागुंत झालीच. प्रश्न असतो तो त्यानंतर माणूस वाचतो की नाही याचा. आणि वाचायचा तर ती गुंतागुंत लवकर कुणाच्या तरी लक्षात यावी लागते. सर्जन सकाळी एकदा येतो, संध्याकाळी एकदा येतो. मधल्या बावीस तासांत खाटेजवळ फिरकते ती नर्स. श्वास मिनिटाला अठराचे अठ्ठावीस झाले, लघवी कमी झाली, मघापर्यंत नीट बोलणारा माणूस आता भलतंच बोलतोय, हे तिनं पाहायचं, त्याचा अर्थ लावायचा आणि झोपलेल्या डॉक्टरला उठवायचं. पाहायला वेळ लागतो आणि अर्थ लावायला शिक्षण लागतं.

इथपर्यंत वाचून मी कागद खाली ठेवले. कारण मला १९९६ आठवलं.

त्या वर्षी दादाचं आतड्याचं ऑपरेशन झालं. जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या रुग्णालयात, पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात. दुसऱ्या रात्री सोबतीला मी होतो. दादाला चैन पडत नव्हतं. सारखा चादर चिमटीत धरून ओढायचा, उठून बसायला बघायचा. श्वास भरभर. मला वाटलं, दुखतंय आणि चिडलाय. तसा तो चिडकाच होता. बाराच्या सुमाराला मी सिस्टरना सांगितलं. त्या आल्या, नाडी धरली, ‘‘बघते, जरा तिकडचं सलाइन लावून येते,’’ म्हणाल्या आणि गेल्या. अडीचला मी परत गेलो. त्या दुसऱ्या टोकाला एका पोराच्या खाटेशी होत्या, पोराला रक्ताची उलटी झाली होती. मामा बाहेर बाकावर झोपला होता. सव्वापाचला दादा बोलायचा थांबला. त्याला आयसीयूत नेलं. पोटातल्या टाक्यातून गळती होऊन विष अंगात भिनलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी तो गेला. एक्कावन्न वर्षांचा होता.

तेरावं झाल्यावर मी तक्रार लिहिली. मसुदा करण्यात माझा हात कुणी धरत नसे. ‘रात्रपाळीच्या परिचारिकेचा अक्षम्य हलगर्जीपणा’ हे शब्द माझे. वेळा दिल्या : बारा, अडीच, सव्वापाच. दीड महिन्यानं दोन ओळींचं उत्तर आलं की, संबंधित परिचारिकेस लेखी समज देण्यात आली आहे. ते पत्र मी वहिनीला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. मला मात्र काही तरी वसूल झाल्यासारखं वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

हे सगळं मी नातीला सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, ‘‘त्या वॉर्डात पेशंट किती होते?’’

उत्तर मला ठाऊक होतं. झोप येत नसली की मोजायची माझी सवय आहे. त्या रात्री मी खाटा मोजल्या होत्या. चौतीस. शिवाय जमिनीवर गाद्या टाकलेले तिघं. आणि सिस्टर एक. आकडे दोन्ही डोक्यात होते, भागाकार तेवढा मी केला नव्हता.

याचं जास्त वाईट वाटतं ते दुसऱ्या एका कारणानं. त्याच्या आदल्याच वर्षी आमच्या शाखेत साखर कारखान्याचं ऊसबिल जमा झालं त्या दिवशी कॅशियरला पाच हजारांची तूट आली. वरच्या कार्यालयानं त्याला जबाबदार धरलं. तेव्हा मी चार पानी टिपण लिहिलं होतं : एक काउंटर, एवढी व्हाउचर्स, जेवायला उठायची सोय नाही, चूक माणसाची नाही, व्यवस्थेची आहे. पाच हजार रुपयांसाठी मला ते दिसलं. दादासाठी दिसलं नाही.

असो. नातीच्या कागदांत पुढे माझी आणखी एक समजूत मोडीत निघाली. आमच्या पिढीचा अनुभवावर फार विश्वास. बँकेत सीएआयआयबीची परीक्षा देणाऱ्या पोरांना आमचे हेडकॅशियर ‘पुस्तकी किडे’ म्हणत, आणि मीही हसत असे. एकेनबाईंनी २००३ साली त्याच १६८ रुग्णालयांत पाहिलं की, किती नर्सेस पदवीधर आहेत आणि त्यानं काय होतं. पदवीधरांचं प्रमाण कुठे शून्य होतं, कुठे सत्त्याहत्तर टक्के. हे प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असलं की मृत्यूची शक्यता पाच टक्क्यांनी कमी. आणि नुसत्या अनुभवाच्या वर्षांचा मृत्यूशी वेगळा असा संबंध दिसला नाही. मी ते वाक्य तीनदा वाचलं. २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांत, ३०० रुग्णालयांतल्या ४,२२,७३० रुग्णांवर हाच ताळा करून पाहिला. तिथे प्रत्येक वाढीव रुग्णामागे पुन्हा सात टक्केच आले, आणि पदवीचा फायदाही सात टक्के.

यावर आक्षेप आहेत. अशा अभ्यासातून दोन गोष्टी हातात हात घालून चालताना दिसतात. एकीमुळेच दुसरी घडते हे सिद्ध होत नाही. चांगल्या रुग्णालयात नर्सेसही जास्त असतात आणि बाकीचंही चांगलं असतं, असं म्हणता येतं. पण मग ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडनं २०१६ मध्ये कायदाच केला : ठरावीक सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत दिवसा सरासरी चार रुग्णांमागे एक नर्स, रात्री सातांमागे एक. एकेनबाई ज्यांत होत्या त्या संशोधकांनी आधीची आणि नंतरची स्थिती तपासून २०२१ साली निष्कर्ष मांडले. मृत्यू तर घटलेच, पण रुग्ण लवकर घरी जाऊ लागले, परत दाखल होणारे कमी झाले. जादा नर्सेसवर सुमारे तीन कोटी तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर लागले आणि वाचले त्याच्या दुप्पट. ‘परवडत नाही’ हे वाक्य मी कर्जाच्या फाइलींवर पुष्कळदा लिहिलंय, त्यामुळे हा आकडा मला विशेष आवडला.

आपल्याकडे हे जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही. आपल्या वॉर्डात अर्धी शुश्रूषा नातेवाईक करतात. पाणी पाजणं, कूस बदलणं, सलाइन संपत आलं की पळत जाणं. पण माझ्यासारखा नातेवाईक सहा तास दादाशेजारी बसला होता आणि त्याला वाटत होतं, हा चिडलाय. माझ्या नातीला दुसऱ्या वर्षालाच शिकवलेलं आहे की, ऑपरेशननंतरची अशी तगमग म्हणजे स्वभाव नव्हे, श्वास मोजायचा आणि डॉक्टरला बोलवायचं. आपल्याकडे तीन वर्षांचा जीएनएम आणि चार वर्षांची पदवी दोन्ही चालतात. शिकून झाल्यावर यातल्या किती तरी मुली परदेशी जातात. नातीच्या वर्गातही जर्मन भाषेचे क्लास जोरात आहेत. तिला मी विचारलं, तू जाणार का? ती म्हणाली, ‘‘इथे पाच-सहा पेशंट देणार असतील तर नाही.’’

गेल्या थंडीत बायकोचा गुडघा बदलला. दाखल करताना स्वागतकक्षातल्या मुलीला मी विचारलं, ‘‘रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात?’’ तिनं दोनदा प्रश्न ऐकून घेतला आणि म्हणाली, ‘‘काका, डिलक्स घ्या ना. सोफा-कम-बेड आहे.’’

रात्री साडेदहाला सिस्टर रक्तदाब बघायला आल्या, तेव्हा त्यांनाच विचारलं. त्यांनी पट्टा गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं. तक्रार करणारा माणूस चेहऱ्यावरून ओळखू येत असावा.

‘‘आज अकरा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘काल एक जण आली नव्हती, तेव्हा एकोणीस.’’

बाहेर कुणाची तरी बेल वाजली. मी दारातून बाजूला झालो.