लाव्हाच्या पायऱ्या आणि पावसातली थंडी

पावसाळा लागला की शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून गाड्या अकोले तालुक्याकडे निघतात. पहाटे पाचनईत चहा-पोहे होतात आणि उजाडताच हरिश्चंद्रगडाची चढण सुरू होते. निघताना भीती असते ती पाय घसरण्याची किंवा कड्याची. थंडीचा विचार कुणाच्या मनात येत नाही. ऑगस्टमध्ये थंडी कसली? पण ऑगस्ट २०२३ मध्ये याच गडावर पाऊस आणि धुक्यात पुण्याच्या तरुणांचा एक गट वाट चुकला आणि त्यातल्या एकाचा थंडीने मृत्यू झाला.

हा धोका समजून घ्यायचा तर आधी डोंगर समजून घ्यावा लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहिला, थिजला आणि पुन्हा वाहिला. अशा एकावर एक साचलेल्या थरांतून दख्खनचे पठार तयार झाले. हा लाव्हा ज्या उष्ण स्रोतातून आला, तोच आज हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली असल्याचे अनेक भूवैज्ञानिक मानतात. त्या बेटावरचा ज्वालामुखी अजून जागा आहे, आपला मात्र केव्हाच थंड झाला. या खडकांना ‘ट्रॅप’ म्हणतात आणि तो शब्द ‘पायरी’ या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

गड चढताना या पायऱ्या पायाला कळतात. कठीण थराचा उभा कडा होतो, तर मऊ, झिजलेल्या थरावर माती साचून हिरडा, जांभूळ, करवंदीचे रान वाढते. रानात वारा अडतो आणि चढणीमुळे अंग तापलेले असते, त्यामुळे भिजूनही गारठा जाणवत नाही. पण माथा उघडा आहे. सुमारे १४०० मीटर उंचीवरच्या त्या पठारावर कोकणकड्याकडून येणारा वारा थेट अंगावर येतो. उंची वाढेल तसे हवेचे तापमान दर हजार मीटरला साधारण सहा अंशांनी उतरते. त्यात ढग खाली आले की दहा पावलांपुढचे दिसत नाही आणि चुकते ती नेमकी याच पठारावरची वाट.

शरीराच्या आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. ते ३५ च्या खाली गेले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ लागत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. भिजलेली सुती बनियन आणि जीन्स अंगाला चिकटून ऊब शोषत राहते, वारा त्यातले पाणी उडवतो आणि प्रत्येक थेंबाबरोबर आणखी उष्णता जाते. चालताना स्नायू ही तूट भरून काढतात. वाट चुकून माणूस ओल्या कातळावर बसला, पोटात काही नसले, की तो आधार संपतो. मग पंधरा-सोळा अंशांतही शरीर हरू लागते.

सुरुवातीची लक्षणे सोबत्यांनाच आधी दिसतात. अंग कुडकुडते, बोटांना बटण लावता येत नाही, जीभ अडखळते, पाय ठेचकाळतात. नेहमी हसतमुख असणारा विनाकारण चिडतो किंवा ‘मला जरा बसू द्या, तुम्ही व्हा पुढे’ म्हणतो. हा थकवा समजून त्याला मागे सोडणे जिवावर बेतू शकते. अंगाला ऊब मिळाली नसतानाही कुडकुडणे थांबले, तर ती सुधारणा नव्हे. शरीराची ताकद संपत आल्याची ती खूण आहे.

अशा वेळी आधी वारा आणि पाऊस टाळावा. आडोशाला नेऊन ओले कपडे काढावेत, कोरडे घालावेत, डोके आणि मान झाकावी. खाली सॅक किंवा चटई घालावी, कारण ओला कातळही उष्णता ओढतो. वरून प्लॅस्टिक गुंडाळावे, शेजारी चिकटून बसावे. माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल, तर गरम गोड चहा द्यावा. दारू अजिबात देऊ नये. तिने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली ऊब बाहेर पडते. हातपाय चोळू नयेत. ग्लानी आलेल्याला चालवू नये, आडवे ठेवून जपून हलवावे. गारठलेल्या हृदयाची लय धक्क्यानेही बिघडू शकते. रेंज मिळताच ११२ किंवा १०८ ला फोन करावा.

खरा उपाय मात्र पायथ्याशीच करायचा असतो. सुती कपड्यांऐवजी लवकर वाळणारे कपडे घालावेत, एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घ्यावा. गूळ-शेंगदाणे, चिक्की खिशात हाताशी असावी आणि ती भूक लागण्याआधी खावी. गावातला वाटाड्या सोबत घ्यावा. किती वाजता परत फिरायचे हे निघतानाच ठरवावे आणि ते गावात सांगून ठेवावे.

या डोंगरांत पावसात गुरे राखणारा माणूस डोक्यावर इरले किंवा खांद्यावर घोंगडी घेतल्याशिवाय निघत नसे. इरल्याखाली पाठ कोरडी राहते आणि लोकर भिजली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते. पावसातही थंडी असते, हे त्याला कुणी शिकवावे लागले नव्हते. ढग उतरलेले दिसले की तोही गुरे माघारी वळवतो. गड पुढच्या आठवड्यातही तिथेच असतो.