भात नीट वाळलं का, मीठच सांगेल!

कापणीच्या वेळी भातात साधारण २० ते २५ टक्के ओलावा असतो. साठवताना तो १४ टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर बुरशी आणि कीड आलीच. पण गरीब शेतकऱ्याने ओलावामापक कुठून आणायचा?

कोरड्या काचेच्या बरणीत थोडं भात आणि कोरडं मीठ घाला, जोरात हलवा, काही मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं? मग भात पुन्हा उन्हात पसरा.

वाळलेलं भात हवाबंद पिशवीत भरून, तोंड घट्ट बांधून, नेहमीच्या पोत्यात ठेवा. आतला प्राणवायू किडेच संपवतात आणि गुदमरून मरतात. औषधाची गरजच नाही! फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने अशा पिशव्यांचा प्रसार केला. आपल्या भंडारा-गोंदियात, कोकणात त्या गावोगावी मिळायलाच हव्यात. उंदरांपासून मात्र पोतं जपा, एक भोक पडलं की हवा आत शिरते.