मुलकी, गैरमुलकी आणि रहिवासाचा दाखला

'मुलकी' हा शब्द आज आपण महसुलाच्या संदर्भात वापरतो. मुलकी पाटील, मुलकी कामकाज, असे बोलतो. पण आपला परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, त्या काळी या शब्दाला आणखी एक अर्थ होता आणि त्या अर्थावर कित्येकांची भाकरी अवलंबून असे. मुलकी म्हणजे या मुलखाचा. जो तसा नाही तो गैरमुलकी. गैरमुलकी माणसाला सरकारी नोकरीत घ्यायचे तर वरून खास मंजुरी आणावी लागे.

आता परका म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सातासमुद्रापलीकडचा गोरा माणूस येतो. इथे तसे नव्हते. आज हिंगोली जिल्हा वेगळा आहे. तो १ मे १९९९ रोजी झाला. त्यापूर्वी हिंगोली, कळमनुरी हे तालुके परभणीतच होते आणि त्यांच्या उत्तरेला पैनगंगा. नदीच्या अलीकडे निजामाचा अंमल, पलीकडे वऱ्हाड. बोली एक, जत्रा एक, सोयरीकसुद्धा दोन्ही तीरांवरची. पण इकडे हाली रुपया चाले, तिकडे कलदार. मधे जकातीचा नाका. इकडच्या कचेरीतला कागद उर्दूत, तिकडचा मराठीत नाहीतर इंग्रजीत. गंमत अशी की वऱ्हाडवर नाव निजामाचेच होते. १९०२ च्या कराराने तो प्रांत कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला होता. म्हणजे राजा एक आणि कारभार दोन. अशा ठिकाणी माणूस कुठला, हे नदी पाहून ठरत नसे. ते कागद पाहून ठरे.

तो कागद कसा मिळे ते पाहू. १९१९ साली निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने मुलकी नियम लागू झाले. माणूस चार वाटांनी मुलकी ठरू शके. एक, जन्माने संस्थानचा प्रजाजन असेल तर. दुसरी वाट रहिवासाची. तिसरी अशी की, बापाची पंधरा वर्षे सरकारी नोकरी झालेली आहे आणि मुलाच्या जन्माच्या वेळी तो नोकरीत आहे, तर मुलगा मुलकी. चौथी, मुलकी माणसाची बायको असेल तर तीही मुलकी.

यातली रहिवासाची वाट नीट समजून घेण्यासारखी आहे. नियमाने तीन गोष्टी मागितल्या होत्या. संस्थानात किमान पंधरा वर्षे कायमचा रहिवास हवा. आपल्या मूळ गावी परत जाण्याचा विचार माणसाने सोडून दिलेला हवा. आणि तसे प्रतिज्ञापत्र ठराविक नमुन्यात, मॅजिस्ट्रेटसमोर केलेले हवे. बघा, पंधरा वर्षे मोजता येतात. पण 'परत जाण्याचा विचार सोडला' हे कोणी कसे मोजायचे? मॅजिस्ट्रेट काही माणसाच्या काळजात डोकावून पाहू शकत नाही. समजा, एखादा मास्तर नगरकडून येऊन परभणीला राहिला. इथेच त्याची मुले झाली. पण गावाकडे वडिलार्जित चार एकर आहेत, दिवाळीला तो तिकडे जातो, मुलीचे लग्न तिकडेच केले. आता त्याने परतीचा विचार सोडला म्हणावा की नाही? तो स्वतः तरी छातीठोक सांगू शकेल का? कायद्याला मात्र हो किंवा नाही, एवढेच उत्तर पाहिजे असते. म्हणून मग शपथेचा कागद.

हा नियम म्हणजे नुसता राजाचा लहरीपणा होता असे मला वाटत नाही. बाहेरून आलेल्या लोकांनी वरच्या जागा अडवल्या आणि इथली शिकलेली मुले दारात उभी राहिली, ही तक्रार संस्थानात जुनी होती आणि खरी होती. संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात सामील झाल्यावर ती मिटली नाही, उलट वाढली. १९५२ साली तिचा भडका उडाला. बाहेरचे लोक खोटी मुलकी सर्टिफिकिटे मिळवून नोकऱ्या घेतात, हा त्या वेळी विद्यार्थ्यांचा मुख्य आरोप होता. सप्टेंबर महिन्यात हैदराबादेत पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. एका दाखल्याचा खरेखोटेपणा माणसे मरण्यापर्यंत गेला, हे विसरता येत नाही.

पुढची हकीकत थोडक्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. नोकरीसाठी रहिवासाची अट घालायची तर ती संसदेनेच घालावी, असे आपल्या घटनेचे सोळावे कलम सांगते. त्याप्रमाणे संसदेने १९५७ साली कायदा केला. तो २१ मार्च १९५९ पासून अंमलात आला आणि तेलंगण व आणखी काही थोडे प्रदेश सोडून देशभर अशा अटी गेल्या. तेलंगणात मात्र हे प्रकरण कोर्टकचेऱ्या आणि आंदोलने करीत चालू राहिले. १९७३ साली मुलकी नियम रद्द करण्याचा वेगळा कायदा करावा लागला, तेव्हा ते संपले.

मुलकी गेला, पण पंधरा वर्षे काही गेली नाहीत. आज आपल्या मुलांना प्रवेशासाठी, सवलतीसाठी, नोकरीच्या अर्जासाठी जो दाखला लागतो, त्याचे नाव वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र. लोक त्याला नुसते डोमिसाईल म्हणतात. त्यातही महाराष्ट्रातला पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. दाखला तहसीलदार देतात, अर्ज 'आपले सरकार' सेवा केंद्रातून होतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात आलेल्या सेवांना मुदत ठरवून दिलेली असते. मुदतीत काम झाले नाही तर अपील करता येते, म्हणून अर्जाची पावती जपून ठेवावी.

'डोमिसाईल' हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ सालीच सांगितले की, भारतीय माणसाचा अधिवास एकच, तो भारताचा. महाराष्ट्राचा वेगळा, तेलंगणाचा वेगळा, असे नसते. राज्यापुरता असतो तो रहिवास. हा भेद वकिलांपुरता नाही. आपल्याच देशात दुसऱ्या राज्यात गेलेला माणूस परका होत नाही. त्याला फक्त आपण इथे राहतो हे दाखवायचे असते. दुसऱ्या देशात गेलेल्याला दोन्ही करावे लागते.

इटलीचे उदाहरण घेऊ, कारण तिथे पो नदीच्या खोऱ्यातल्या दुधाच्या गोठ्यांवर कितीतरी पंजाबी लोक कामाला आहेत आणि आपल्याकडची मुलेही शिकायला जातात. तीन महिन्यांहून जास्त राहायला जो परदेशी तिथे जातो त्याने पोचल्यापासून कामाच्या आठ दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायचा असतो. अर्जाचा लिफाफा मिळतो पोस्टात आणि बहुतेकांनी तो भरून द्यायचाही पोस्टातच. पोस्ट पावती देते. मग ठरल्या दिवशी पोलीस कचेरीत बोटांचे ठसे द्यायचे आणि कार्डाची वाट पाहायची. तोवर ती पावती हाच परवान्याचा आधार. हे झाले देशात राहण्याचे. गावात राहण्याची नोंद निराळी, ती नगरपालिकेत. तिथे अर्ज केला की पालिकेचा शिपाई घरी येऊन पाहतो, हा माणूस खरेच इथे राहतो का. पुढे नागरिकत्व मागायचे झाले तर आपल्यासारख्याला सलग दहा वर्षांचा कायदेशीर रहिवास दाखवावा लागतो. ती मुदत पाच वर्षांवर आणावी म्हणून जून २०२५ मध्ये तिथे सार्वमत झाले, पण पुरेसे लोक मतदानाला आलेच नाहीत.

आणि अडचण कुठे येते म्हणाल, तर ती आपल्याकडे येते तिथेच. घरमालक भाडे घेतो, पण करारपत्र देत नाही. कराराविना नोंद अडते, आणि नोंद नसली की पुढचे सगळे कागद अडून बसतात. परभणीत खोली करून शिकणाऱ्या मुलाला विचारा, तोही हेच सांगेल.

ज्याला घरच नाही त्याचे काय, याला रोम शहराने दिलेले उत्तर मला फार आवडते. मोदेस्ता व्हालेन्ती नावाची एक बेघर बाई १९८३ साली तिथल्या रेल्वे स्टेशनवर दवाखान्याच्या गाडीची वाट पाहता पाहता मेली. पुढे पालिकेने तिच्या नावाचा एक रस्ता कागदावर केला. जमिनीवर तो कुठेच नाही. पण बेघर माणसाची नोंद त्या पत्त्यावर होते आणि त्याला बाकीचे कागद मिळू शकतात. आपल्याकडेही मतदारयादीसाठी अशी सोय आहे. घर नसलेल्याने जी जागा सांगितली असेल तिथे निवडणूक कर्मचाऱ्याने रात्री जाऊन पाहायचे, माणूस तिथे झोपतो की नाही. पत्त्याचा पुरावा मागायचा नाही.

आता आपल्या जिल्ह्यातल्या लोकांविषयी, ज्यांचे हाल या दाखल्यापायी सगळ्यांत जास्त होतात. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या उन्हाळ्यात परततात. पोरे बरोबर असतात. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने माणूस गावात नाही. मग त्याला 'तुम्ही इथे राहतच नाही' असे कोणी सुनावले तर तो गप्प बसतो. गप्प बसू नये. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे विसावे कलम स्पष्ट म्हणते की, तात्पुरता बाहेर गेल्याने माणसाचा नेहमीचा रहिवास तुटत नाही. आणि तेच कलम असेही म्हणते की, गावात नुसते घर नावावर असल्याने कोणी तिथला रहिवासी होत नाही. हा नियम मतदारयादीपुरता आहे खरा, पण रहिवासाकडे कायदा कसा पाहतो ते त्यातून समजते.

पण नुसते समजून भागत नाही. पंधरा वर्षे राहणे हे एक काम आणि पंधरा वर्षे राहिल्याचे दाखवता येणे हे दुसरे. पहिले आपोआप होते, दुसरे मुद्दाम करावे लागते. म्हणून पोराचे नाव शाळेच्या पटावर टिकवा. टोळीबरोबर जाताना त्याला आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता आले तर उत्तमच. शिक्षण तर होतेच, पण हजेरीपटावरची ओळ हा रहिवासाचा फार चांगला पुरावा असतो. शिधापत्रिकेत मुलाचे नाव वेळीच घाला. लग्न होऊन आलेल्या सुनेचे माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर असते, आणि दोन बाया वेगळ्या आहेत की एकच, इथूनच प्रश्न सुरू होतो. विवाहनोंदणीचा दाखला त्या दोन नावांना जोडतो. तो लग्नानंतर लगेच काढलेला बरा, वीस वर्षांनी साक्षीदार कुठून आणणार?

जातीच्या दाखल्याला तर पंधरा वर्षेही पुरत नाहीत. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांपूर्वीचा पुरावा मागतात. म्हणजे आजा-पणजाचा कागद. आणि आपल्याकडे तो सापडतो उर्दूत नाहीतर मोडीत. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्ममृत्यूची नोंद, १९५४ चे खासरा पत्रक, पाहणी पत्रक, यांत पणजोबा दडलेले असतात. कुणबी नोंदींचा शोध २०२३ पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झाला, तेव्हा मराठवाड्यातली हीच जुनी दप्तरे उघडावी लागली.

असा कागद हाती आला आणि त्यावर साल १३४० दिसले तर घाबरू नये, आणि चुकीचा कागद म्हणून फेकून तर मुळीच देऊ नये. ते फसली साल आहे. निजामाच्या कचेरीत ते चाले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यापासून, सुरू होई. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. वर्ष दोन सनांत वाटलेले असते, म्हणून १३४० फसली म्हणजे १९३०-३१. नक्कल मागताना मूळ पानाची शिक्क्यानिशी प्रत घ्यावी आणि मराठी भाषांतर वेगळे करून तिला जोडावे. नुसते भाषांतर घेऊन गेलात, तर मूळ कागद दाखवा म्हणून परत पाठवतील.