हातातले यंत्र, पायाखालचा ओलावा

पावसाळ्यात विजेच्या धक्क्याचा धोका वाढतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, सिन्नरच्या शेडमध्ये आणि २०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठीच्या बांधकामांवर हँड ग्राइंडर, ड्रिल, कटर, वेल्डिंग मशीन, पाणी उपसण्याचे पंप रोज इकडून तिकडे नेले जातात. भिंतीतल्या वायरिंगला कोणी हात लावत नाही. या यंत्रांची वायर मात्र ओढली जाते, ट्रॉलीखाली सापडते, डबक्यातून जाते. वर कामगाराचे हात घामाने ओले आणि पाय ओल्या जमिनीवर असतात.

शरीरात काय होते?

शरीराला इजा होते ती त्यातून वाहणाऱ्या प्रवाहामुळे. साधारण १ मिलिअँपिअरला मुंग्या जाणवतात. १० ते १६ मिलिअँपिअरला हाताचे स्नायू इतके आखडतात की यंत्र सोडता येत नाही. ‘करंटने धरून ठेवले’ असे लोक म्हणतात, पण खरे तर आपल्याच स्नायूंनी यंत्र आवळलेले असते. ३० मिलिअँपिअरच्या आसपास श्वासाचे स्नायू अडकू शकतात. ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेला तर हृदयाचे ठोके बिघडून ते नुसते थरथरते आणि रक्ताभिसरण थांबते. ओल्या त्वचेने शरीराचा रोध १,००० ओहमपर्यंत उतरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो.

‘एमसीबी आहे ना!’ हा गैरसमज महागात पडतो. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअरची मर्यादा. तो वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी लागते प्रवाहाची गळती ओळखणारे उपकरण. त्याला आपले इलेक्ट्रिशियन ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. गेलेला आणि परत आलेला प्रवाह सारखा नसला, की ते क्षणार्धात वीज तोडते.

कॅनडाचा धडा

अमेरिकेतील बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डालझील यांनी, माणूस किती प्रवाहापर्यंत हात सोडवू शकतो हे स्वयंसेवकांवर मोजले. सरासरी पुरुषांत १६ आणि स्त्रियांत १०.५ मिलिअँपिअर आली. काहींचा हात मात्र त्याहून बऱ्याच कमी प्रवाहाला अडकतो. म्हणून तिथल्या संरक्षक उपकरणाची मर्यादा सुमारे ५ मिलिअँपिअर ठेवली गेली. १९२७ मध्ये प्रथम निघालेली कॅनडाची विद्युत संहिता बांधकामावरच्या साध्या सॉकेटांना असेच संरक्षण सक्तीचे करते. यंत्रावर तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेची खूणही लागते. युरोपची सीई खूण चालत नाही. तिकडे माल पाठवणाऱ्या नाशिकच्या उद्योजकाला हे पाळावेच लागते. मग इथल्या कामगाराच्या हातातले यंत्र कमी सुरक्षित का असावे? आपल्याकडे ३० मिलिअँपिअरचे उपकरण सर्रास मिळते, आणि त्याची किंमत एका जिवापुढे काहीच नाही.

रोज काम सुरू करण्यापूर्वी

• वायर सोललेली, टेप गुंडाळलेली किंवा पिनपाशी सैल असेल तर यंत्र वापरू नये.
• तीन पिनांतली जाड, लांब पीन अर्थिंगची. ती लांब असते, कारण प्लग लावताना अर्थिंग आधी जोडले जावे. ती तोडू नये. उघड्या तारा सॉकेटमध्ये खोचू नयेत.
• चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या यंत्राला दुहेरी आवरण असते, त्याला अर्थिंग लागत नाही. इतर धातूच्या यंत्रांना लागतेच.
• ईएलसीबीवरचे ‘टेस्ट’ बटण दाबून पाहावे. वीज गेली नाही तर ते बदलावे.

धक्का बसलाच तर

आधी मेन स्विच बंद करावा; वीज चालू असताना माणसाला हात लावू नये. माणूस बेशुद्ध असेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ला फोन करायला सांगून लगेच छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाबत राहावे. हातपाय चोळण्यात वेळ घालवू नये.

शुद्धीवर असलेल्या रुग्णालाही दवाखान्यात न्यावे. त्वचेवरचा डाग रुपयाएवढा असला तरी आतले स्नायू भाजलेले असू शकतात. ईसीजी काढून हृदयाची लय तपासावी लागते. लघवी चहासारखी काळपट झाली तर मूत्रपिंडांना धोका असतो, तेव्हा एका तासाचाही उशीर नको.