लाडक्या फियाटच्या जुन्या खोडी

कोल्हापूर - दसऱ्याच्या संध्याकाळी छत्रपती घराण्याची जर्मन बनावटीची मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा ती पाहण्यासाठी गर्दी लोटते. मात्र शहरातील मध्यमवर्गीय घरांच्या आठवणीत जी मोटार घर करून आहे, ती मेबॅक नव्हे, तर फियाट. पुढे जिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. पुढच्या सलग सीटवर तिघे, मागे दाटीवाटीने चौघे आणि डिकीत डबे घेऊन जोतिबाला किंवा नृसिंहवाडीला निघालेली फियाट ही अनेक कुटुंबांच्या छायाचित्रांच्या वहीत आजही सापडते.

गाडी लाडकी होती. निर्दोष मात्र नव्हती. तिच्या रचनेत चार-पाच खोडी होत्या आणि त्या चालवणाऱ्याला, शेजारी बसणाऱ्याला व दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला, सर्वांनाच पाठ होत्या. त्यांपैकी बहुतेक खरोखरच किरकोळ होत्या. एक मात्र नव्हती. जुनी फियाट शेडमधून बाहेर काढून पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस आता वाढत असताना, यांतील कोणती खोड जपायची आणि कोणती काढायची, हे समजून घेणे गरजेचे झाले आहे.

कुर्ल्याची गाडी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीची स्थापना केली. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकन मोटारी जोडल्या जात. नंतर इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले. पन्नासच्या दशकात आलेल्या गोलाकार फियाट ११०० ला मराठी मुलखात ‘डुक्कर फियाट’ असे प्रेमळ नाव मिळाले. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागील बाजूस होत्या. म्हणजे दार पुढून मागे, उलटे उघडत असे. चालत्या गाडीत कडी सुटली, तर समोरून येणारा वारा दार बंद करण्याऐवजी सताड उघडण्याचा धोका होता. पुढच्या मॉडेलमध्ये हा दोष गेला.

ते पुढचे मॉडेल म्हणजे फियाट ११०० डी. भारतात ते १९६४ पासून ‘डिलाइट’ या नावाने बनू लागले. १,०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, सुमारे चाळीस अश्वशक्ती, मागे लहानशा पंखांसारखे उंचावलेले कोपरे आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला गिअर, हे तिचे रूप. १९७४ मध्ये तिचे ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नामकरण झाले. नाव बदलले, दिवे-जाळी बदलली. पण मूळ रचना शतक संपेपर्यंत बव्हंशी तशीच राहिली. तिच्या खोडीही तिच्याबरोबर राहिल्या.

घाटात रुसणारे इंजिन

कोल्हापूरकरांना सर्वाधिक परिचित खोड घाटातली. कोकणातून आंबा, करूळ किंवा फोंडा घाट चढताना भर उन्हात गाडी आचके देई आणि बंद पडे. बॉनेट उघडून ओले फडके आत ठेवायचे, पंधरा-वीस मिनिटे झाडाखाली बसायचे आणि पुन्हा स्टार्टर मारायचा, हा ठरलेला उपाय होता. हे फडके म्हणजे अडाणी तोडगा नव्हता. त्यामागे साधे विज्ञान आहे.

फियाटमध्ये टाकीतील पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणारा यांत्रिक पंप, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील ‘एसी पंप’, थेट इंजिनच्या अंगावर बसवलेला असे. इंजिनच्या कॅमशाफ्टवरच तो चालत असल्याने ही जागा सोयीची होती. पेट्रोलचा काही भाग मात्र चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतो. घाटात गाडी खालच्या गिअरवर हळू चढते. इंजिन पुरते तापते, पण समोरून वारा फारसा येत नाही. अशा वेळी पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलण्यासाठी बनवलेला असतो. वाफ नुसतीच दबते आणि पसरते, पुढे सरकत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. ओल्या फडक्यातील पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जाते, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि गाडी चालू होते.

कायमचा उपायही अवघड नाही. पंप व इंजिन यांच्यातील उष्णतारोधक पॅकिंग शाबूत ठेवणे, पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या गरम भागापासून दूर नेणे आणि रेडिएटर आतून स्वच्छ ठेवणे एवढे केले, तरी बराच फरक पडतो. काही जण टाकीजवळ विजेवर चालणारा पंप बसवतात. तो मागून पेट्रोल दाबाने ढकलत असल्याने वाफ सहसा अडत नाही.

अडकणारा गिअर

दुसरी खोड गिअरची. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असल्यामुळे पुढची सीट सलग ठेवता आली आणि तिसरा माणूस बसू शकला. मोठ्या कुटुंबांना हेच हवे होते. परंतु हातातील दांडी आणि गिअरबॉक्स यांच्यातील अंतर त्यामुळे वाढले. हाताची हालचाल गिअरबॉक्सपर्यंत पोचवण्यासाठी दांडे, तरफा आणि लहान बुश यांची साखळीच लागली. प्रत्येक सांध्यात केसभर झीज झाली, तरी सर्व सांध्यांची मिळून ढिलाई मोठी होते. मग दोन तरफा एका रेषेत येत नाहीत आणि गिअर मध्येच अडकतो. चौकात सिग्नल सुटलेला असताना चालक खाली उतरून, बॉनेट उघडून हाताने तरफ सरकवत आहे, हे दृश्य एके काळी नवलाचे नव्हते.

मूळ रचनेत पहिल्या गिअरला सिंक्रोमेशही नव्हता. त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकला की करकर आवाज ठरलेला. ही खोड दुरुस्त करायची नसते. तिच्याशी जुळवून घ्यायचे असते. बुशची गोष्ट वेगळी. शिवाजी उद्यमनगरसारख्या वसाहतीत लेथवर गनमेटलचे बुश कातून घेणे ही नित्याची बाब. ज्या शहरात बाबूराव पेंटर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवला, तेथे एका बुशसाठी गाडी अडून राहण्याचे कारण नव्हते.

मंद दिवे, कुजणारा तळ

जुन्या गाड्यांमध्ये वीज निर्माण करण्यासाठी अल्टरनेटर नव्हे, तर डायनॅमो असे. इंजिन संथ फिरत असताना डायनॅमो फारच थोडी वीज देतो. पावसाळी रात्री गर्दीत गाडी रांगत असताना दिवे, वायपर आणि हॉर्न यांचा भार बॅटरीवर पडे. दिवे पिवळे पडत, वायपर दमत. अॅक्सिलरेटर दाबला की पुन्हा उजेड. अल्टरनेटर बसवला की ही तक्रार संपते.

गंजाचे प्रकरण मात्र अधिक खोल आहे. या गाडीला ट्रकसारखी स्वतंत्र चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालचा उंबऱ्यासारखा भाग आणि वरचा सांगाडा मिळूनच गाडीची ताकद बनते. काचेच्या व दाराच्या रबरातून झिरपलेले पाणी पायांखालच्या मॅटखाली साचते आणि पत्रा वरून धडधाकट दिसत असताना खालून कुजतो. गगनबावड्याच्या बाजूचा पाऊस अनुभवलेल्या किंवा २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाण्याखाली गेलेल्या गाड्यांत तर पोकळ भागांत गाळ अडकून राहण्याची शक्यता असते. अशा जागी पुट्टी भरून रंग मारला, की गाडी प्रदर्शनात चमकते. पण अपघातात तो भाग कागदासारखा दुमडू शकतो. जुनी फियाट विकत घेणाऱ्याने रंगाआधी मॅट उचलून तळ पाहावा, हा सल्ला त्यासाठीच दिला जातो.

किरकोळ नसलेली खोड

शेवटची खोड ब्रेकची. ११०० डी ला चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते आणि पायाच्या जोराला साह्य करणारा बूस्टर नव्हता. चालकाच्या पायात जेवढी ताकद, तेवढाच ब्रेक. ड्रम बंदिस्त असल्याने लांब उतारावर आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही आणि ब्रेकची पकड कमी होत जाते. पाण्यातून गाडी काढली की लायनर भिजून पुढचे काही क्षण ब्रेक लागतच नाहीत. डाव्या-उजव्या चाकांच्या शूंची झीज कमी-जास्त झाली, की ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते. सर्वांत गंभीर बाब म्हणजे मूळ रचनेत चारही चाकांना ब्रेक ऑइल पुरवणारा मार्ग एकच होता. एक नळी फुटली, तर चारही ब्रेक एकदम जाणार.

साठच्या दशकातील अनेक मोटारींत हीच रचना होती, हे खरे. पण खुद्द फियाट कंपनीने ती तशी ठेवली नाही. इटलीत १९६६ मध्ये ‘११०० आर’ हे सुधारित मॉडेल आले. त्यात पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले गेले आणि गिअर स्टिअरिंगवरून काढून दोन सीटांच्या मध्ये, जमिनीवर आणला गेला. म्हणजे कुर्ल्यात डिलाइट सुरू होऊन दोन वर्षे होतात न होतात, तोच तिच्या दोन प्रमुख दोषांवर तिच्या माहेरी उपाय झाला होता. भारतीय गाडीत जमिनीवरचा गिअर अखेरच्या काळातील काही प्रकारांतच दिसला.

दुरुस्ती का झाली नाही?

याचे उत्तर अभियांत्रिकीत नाही. त्या काळच्या बाजारात आहे. मोटारनिर्मितीवर परवान्यांचे बंधन होते. ग्राहकापुढे अॅम्बेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढेच काय ते पर्याय होते. परदेशी तंत्र किंवा यंत्रसामग्री आणायची, तर परकी चलनाची अडचण. किमतींवर सरकारचे नियंत्रण होते आणि त्यावरचा वाद सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोंदणी करून गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबणारे ग्राहक रांगेत असताना रचना सुधारण्याची निकड कारखान्याला भासण्याचे कारण नव्हते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तुलना करण्यासाठी प्रथमच दुसरे माप मिळाले.

जे काम कारखान्यात व्हायचे, ते अशा रीतीने गॅरेजमध्ये झाले. कोणत्या घाटात किती वेळ थांबायचे, किंगपिनला ग्रीस कधी द्यायचे, गिअरची तरफ कोणत्या कोनात बसवायची, हे ज्ञान मिस्त्रीकडून त्याच्या हाताखालच्या पोराकडे गेले. कागदावर फारसे उतरले नाही. आजच्या गाडीचा दोष संगणक जोडून शोधला जातो. आवाज ऐकून फियाटचा दोष सांगणारी पिढी मात्र आता थकली आहे.

मूळ रूप की सुरक्षितता?

यातून आजचा व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत सुधारणा करून ‘व्हिंटेज’ वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली खासगी दुचाकी व मोटार त्यासाठी पात्र ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, अशी ही व्यवस्था आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. १९७४ पूर्वीच्या फियाटनी ही पन्नाशी ओलांडली आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांतील पद्मिनींना मात्र अजून वाट पाहावी लागेल. तोवर त्यांना नेहमीच्या नियमांनुसार नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. मुंबईतील काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींची वीस वर्षांची वयोमर्यादा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि रोज राबणारी पद्मिनी इतिहासजमा झाली.

मूळ रूप जपण्याच्या आग्रहापोटी काही शौकीन ब्रेकलाही हात लावत नाहीत. ही समजूत तपासून पाहायला हवी. नियमाचा रोख चासी, बॉडी आणि इंजिन यांतील फेरबदलांवर आहे. ब्रेकच्या नळ्या, रबरी वॉशर, लायनर आणि मास्टर सिलिंडर नवे घालणे ही देखभाल आहे. त्याने गाडीचे जुनेपण उणावत नाही. डिस्क ब्रेक किंवा दुहेरी मार्गाचा मास्टर सिलिंडर बसवायचा असेल, तर आधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत. तळाचा पत्रा बदलताना मूळ आकार व जाडी कायम राखून कामाची आधीची आणि नंतरची छायाचित्रे ठेवणे शहाणपणाचे ठरते. इंजिन बदलून आधुनिक इंजिन टाकण्याचा मोह मात्र व्हिंटेज नोंदणीच्या मुळावर येऊ शकतो.

स्टिअरिंगवरचा अडखळणारा गिअर, पहिल्या गिअरची करकर, घाटातले ओले फडके या खोडी जपायला हरकत नाही. त्यांच्यामुळे फार तर उशीर होतो. ब्रेक आणि कुजलेला तळ यांना ही सवलत देता येणार नाही. सलग सीटवर आजही तिघे बसतात, त्यांत मधला बहुधा घरातील नातू असतो आणि त्या जागी सीटबेल्ट नसतो. जुनी फियाट पुन्हा रस्त्यावर आणताना पहिला खर्च रंगावर नव्हे, तर ब्रेकवर आणि तळावर करावा. आणि त्या कामाच्या वेळी जुन्या मिस्त्रीशेजारी एखादा तरुण हातात वही घेऊन उभा असेल, तर अधिक बरे.