कॅमेरा समजून घेताना – भाग ११ : नेम डोळ्यांवर, फोकस नथीवर

गेल्या आठवड्यात आपण डेप्थ ऑफ फील्डचा हिशेब केला. ८५ मिमी लेन्स, एफ १.८, अंतर दोन मीटर. एवढ्यावर फुल-फ्रेम कॅमेऱ्यात जेमतेम ६ सेंटिमीटरचा पट्टा शार्प येतो. आजचा भाग त्या ६ सेंटिमीटरांचाच आहे.

भाचीच्या लग्नात मी याच लेन्सने तिचे जवळून फोटो काढले. फोकस पॉइंट दर वेळी डोळ्यावर. घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहिलं, तर नथीचा मोती न् मोती मोजता येत होता आणि पापण्या मात्र धूसर. पंधरा-वीस फोटोंत तेच. माझा हात हलला असता तर अख्खा फोटोच हलला असता. ती हलली असती तर फोकस कधी पुढे, कधी मागे गेला असता. इथे तो दर वेळी तेवढाच पुढे पडत होता. हाच फ्रंट फोकस. मागे पडला की बॅक फोकस.

कारण डीएसएलआरच्या रचनेत आहे. तिथे फोकस मोजला जातो एका जागी आणि फोटो उमटतो दुसऱ्या जागी. लेन्समधून आलेला काही प्रकाश मुख्य आरशाच्या अर्धपारदर्शक भागातून पलीकडे जातो आणि मागच्या छोट्या आरशावरून वळून तळाच्या एएफ सेन्सरवर पोहोचतो. लेन्सने किती सरकायचं ते तिथे ठरतं. मग आरसे बाजूला होतात आणि प्रकाश मुख्य सेन्सरवर पडतो. या दोन वाटांची लांबी सारखी असेल, तरच मोजलेलं आणि उमटलेलं जुळतं. कारखान्यात बॉडीचं किंचित कमी-जास्त चालवून घेतात, लेन्सचंही. दोन्ही स्वतंत्रपणे पास होतात. पण दोघांचा फरक एकाच बाजूचा निघाला, की त्याची बेरीज होते. म्हणून हा दोष बहुतेकदा एकट्या लेन्सचा किंवा एकट्या बॉडीचा नसतो, जोडीचा असतो.

ही जोडी जुळवण्याची सोय कॅननने २००७मध्ये ईओएस-१डी मार्क थ्रीमध्ये दिली, निकॉनने त्याच वर्षी डी३ आणि डी३००मध्ये. मेनूत −२० ते +२० अशी पट्टी दिसते. अधिक केलं की फोकस मागे सरकतो, उणे केलं की कॅमेऱ्याकडे येतो. आकडा बॉडीच्या मेमरीत राहतो. बॉडी बदलली, की तपासणी पुन्हा.

तपासणीला रविवारची सकाळ पुरते. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान ताठ चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, पानाच्या अगदी समोर. अंतर फोकल लेंग्थच्या सुमारे ५० पट, म्हणजे ८५ मिमीला सव्वाचार मीटर. ॲपर्चर पूर्ण उघडं. आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून एक फोटो घ्या. तिथे फोकस थेट मुख्य सेन्सरवर ठरतो, म्हणून हा आपला प्रमाण फोटो. मग व्ह्यूफाइंडरमधून तीन-चार घ्या. दर वेळी फोकस रिंग आधी अनंताला फिरवा, म्हणजे कॅमेऱ्याला नव्याने मोजावं लागेल. अक्षरं १०० टक्क्यांवर शेजारी ठेवून पाहा. फोकस पुढे की मागे पडतोय हे कळण्यासाठी पानाशेजारी एक फूटपट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवा. आकडा पाच-पाचने बदला, मग एक-एकने. माझी ८५ची लेन्स +७वर जुळली. त्याच बॉडीवर ५०ची मात्र शून्यावरच बरोबर होती. म्हणून प्रत्येक लेन्स वेगळी तपासायची.

लाइव्ह व्ह्यूचा फोटोही धूसर आला, तर मेनूत उपाय नाही. लेन्स सर्व्हिस सेंटरला द्या. झूमची दोन टोकं कधी वेगवेगळे आकडे मागतात. कॅननच्या ५डी मार्क थ्रीत दोन्ही टोकांसाठी वेगळा आकडा देता येतो. जिथे एकच देता येतो, तिथे तुम्ही जास्त वापरता ते टोक सांभाळा. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे ही गरज सहसा पडत नाही. पण सेकंड-हँड डीएसएलआरवर शिकणाऱ्यांनी लेन्स विकायच्या आधी, आणि आपल्या हाताला दोष देण्याच्याही आधी, हा तास जरूर काढावा. भाचीचे ते फोटो आता सुधारता येणार नाहीत. तुमच्या घरच्या कार्याआधी तुमची लेन्स तपासलेली असावी, एवढ्यासाठी हे सांगितलं.

(पुढील भागात : हलत्या विषयावर फोकस टिकवताना)